मेन जेट मोठा टाकला तरी बुलेट मिसिंग का करते

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा कोन फिल्टर बसवला की गॅरेजमधून एकच सल्ला मिळतो, मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला (कार्बमधला) पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा, दोन नंबर मोठा टाक. मग लोक जेट टाकतात आणि तरी गाडी तीस-चाळीसच्या स्पीडला झटके देते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. सल्ला चुकीचा नाही पण अर्धाच आहे, कारण ॲक्सिलेटर तीन चतुर्थांश फिरवल्याशिवाय मेन जेटचा नंबर फारसा कामालाच येत नाही, आणि सिटीत तेवढा ॲक्सिलेटर आपण देतो कधी?

आधी हे बघू की फिल्टर काढल्यावर नक्की बिघडतं काय. कार्बच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो, आणि खालच्या फ्लोट चेंबरवर, म्हणजे पेट्रोल साठलेल्या वाटीवर, मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांमधल्या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं. कंपनीचा फिल्टर बॉक्स हवेला थोडा अडवतो, म्हणजे कार्बपर्यंत पोचतानाच हवेचा दाब जरा पडलेला असतो आणि त्याची पेट्रोल ओढायला मदत होत असते. बॉक्स काढला की हवा वाढते पण ही मदत जाते. म्हणजे दोन्हीकडून मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, म्हणून नुसत्या सायलेन्सरपेक्षा उघडा फिल्टर जेटिंग जास्त बिघडवतो.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं, आणि जास्तीत जास्त ताकद मिळते ती 12.5 ते 13 च्या आसपास, म्हणजे थोड्या रिच (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणावर. फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण ॲक्सिलेटरला, लीन चालणारं इंजिन तापतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून येणारा टकटक आवाज) व्हायला लागतं, आणि एअर कूल्ड सिंगल सिलेंडरमध्ये पिस्टन चिकटायची वेळ येऊ शकते. रिच असेल तर प्लग काळा पडतो आणि पेट्रोल वाया जातं. म्हणून अंदाज घेताना जरा रिचकडून सुरुवात करून खाली यावं, उलटं नाही.

आता जुन्या 350 ला जो 24 एमएमचा मिककार्ब नावाचा कार्ब असतो तोच घ्या. आयडलिंग आणि अगदी थोड्या ॲक्सिलेटरला पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू काम करतात. त्याच्या पुढे स्लाईडचा (ॲक्सिलेटरने वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कापलेला भाग, मग पाव ते पाऊण ॲक्सिलेटरला स्लाईडला लटकलेली निमुळती निडल आणि ती ज्यात सरकते तो निडल जेट, आणि शेवटी मेन जेट. यांच्या हद्दी एकमेकांत मिसळतात पण मुख्य मालक प्रत्येक ठिकाणी वेगळा. तेव्हा ॲक्सिलेटरच्या मुठीला आणि बाजूच्या हाऊसिंगला मास्किंग टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा आणि गाडी कुठल्या खुणेला अडखळते ते बघा. पावच्या पुढे, अर्ध्यावर झटके देत असेल तर मेन जेटला हात लावू नका, निडलची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. आयडलला गडबड असेल तर एअर स्क्रू. या कार्बमध्ये तो हवेचा आहे, बाहेर फिरवला की लीन आणि आत फिरवला की रिच. सगळ्यात छान आयडल मिळवायला तो पूर्ण बंदपासून अर्ध्या फेऱ्याच्याही आत न्यावा लागला तर पायलट जेट लहान पडतोय.

मेन जेटची परीक्षा रिकाम्या सुरक्षित रस्त्यावर, वरच्या गिअरला, फुल ॲक्सिलेटरवर. तिथे ॲक्सिलेटर किंचित मागे घेतल्यावर गाडी जास्त ओढायला लागली तर जेट छोटा आहे. उलट फुलला इंजिन जड होऊन भकभक करत असेल तर मोठा आहे. प्लगचा रंग बघतात ते ठीक, पण आयडलवर घरी येऊन काढलेला प्लग फुल थ्रॉटलचं काहीच सांगत नाही. फुलवरच इग्निशन बंद करून लगेच क्लच दाबायचा, मग प्लग काढायचा, आणि तोही शक्यतो नवाच लावलेला.

नंबरांचा घोळ तर फार जणांना माहीतच नसतो. केहीन आणि मिकुनी या दोन कार्ब बनवणाऱ्या कंपन्या. केहीनच्या मेन जेटवर 110 म्हणजे भोक 1.10 एमएमचं, आणि मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा नंबर हा पेट्रोल किती वाहतं त्यावरून दिलेला असतो. त्यामुळे केहीनमध्ये 100 वरून 110 ला गेलात की भोकाचं क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं, मिकुनीत तसं नाही. एका कार्बचा नंबर दुसऱ्याला सांगू नये. आणि जेट साफ करायला टाचणी किंवा तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि वरचा नंबर खोटा ठरतो. कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरे.

हवामान आणि उंचीनेही हिशोब बदलतो. महाबळेश्वरला समुद्रसपाटीपेक्षा हवा साधारण 12 टक्के विरळ असते, पण पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रण 6 टक्क्यांच्या आसपास रिच होतं. एवढं चालून जातं. लडाखला मात्र मुंबईच्या जेटवर गाडी गुदमरणारच.

पण मला जास्त काळजी वाटते ती इथेनॉलची. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 पासून पंपांवर यायला लागलं, आणि त्याला पूर्ण जळायला हवा कमी लागते, साधारण 13.5 भाग. जेट तोच राहिला तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रण 7-8 टक्के लीन. नव्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांचा सेन्सर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो, कार्बला ते कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी छान ट्यून केलेली बुलेट आज फट्टफट्ट करत असेल तर आधी इनटेकच्या रबराला तडा गेलाय का ते बघा, तिथून हवा घुसली तरी सेम लक्षणं दिसतात, आणि ते ठीक असेल तर निडल एक खाच वर उचला, मेन जेट एक नंबर वाढवा, दोन्ही एकदम नाही, एकेक करून आणि प्रत्येक वेळी नंबर आणि खाच कुठेतरी लिहून ठेवून.