ताइको समूहवादन

लहानमोठे जपानी ढोल एकत्र घेऊन अनेक वादकांनी मिळून सादर करायचा वादनप्रकार. जपानमध्ये याला कुमी-दाइको म्हणतात. ढोल म्हणजे ताइको (जोडशब्दात दाइको) हे तिथले फार जुने वाद्य आहे. शिंतो देवळांतले विधी, उन्हाळ्यातल्या बोन सणाचे नाच, नो आणि काबुकी ही नाट्ये या सगळ्यांत ते वाजत आले. पण तिथे बहुधा एखाददुसराच ढोल असे, तोही बासरीच्या, गाण्याच्या किंवा नाचाच्या साथीला. नुसत्या ढोलांचा ताफा रंगमंचावर आणण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे. कार्यक्रमांच्या जाहिरातींत ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे सर्रास लिहिलेले असते. ते फार तर वाद्याला लागू पडेल, समूहवादनाला नाही.

या कल्पनेचे श्रेय दाइहाची ओगुची यांना दिले जाते. नागानो प्रांतातले ओगुची जॅझ ड्रमवादक होते. सुवा देवस्थानाशी संबंधित एक जुनी ढोलरचना उलगडून देण्याचे काम त्यांच्याकडे आले. ती त्यांना फार साधी वाटली. जॅझच्या ड्रमसंचात जशी प्रत्येक ड्रमकडे वेगळी कामगिरी असते तशी त्यांनी ती निरनिराळ्या ढोलांत वाटून दिली. टणक आवाजाच्या छोट्या शिमे-दाइकोने ठेका धरायचा, पिंपाच्या आकाराच्या नागादो-दाइकोने मुख्य बोल वाजवायचे आणि अजस्र ओ-दाइकोने खर्ज द्यायचा. 1951 मध्ये त्यांनी ओसुवा दाइको हे पथक काढले. 1959 मध्ये टोकियोत सुकेरोकु दाइको उभे राहिले. बोन सणात वाजवणाऱ्या तरुणांच्या या पथकाने ढोल तिरका ठेवून वाजवण्याची डौलदार शैली रूढ केली. सादो बेटावरच्या ओन्देकोझा (1969) आणि त्यातूनच निघालेल्या कोदो (1981) या व्यावसायिक पथकांनी ताइको जगभर नेले. पण ही कला रुजली ती गल्लीबोळांतल्या हौशी पथकांमुळे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅलिफोर्नियात दिसते. सेइइची तानाका यांनी 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्को ताइको दोजो सुरू केले. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या सेन्शिन बौद्ध मंदिरात किन्नरा ताइको आकाराला आले आणि 1973 मध्ये सॅन होजे ताइको. किन्नरा व सॅन होजेची पथके घडवण्यात जपानी स्थलांतरितांची तिसरी पिढी पुढे होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले होते. त्यानंतर अनेक घरांत त्या दिवसांविषयी मौन पाळले गेले. नातवंडांना उघडपणे, मोठ्याने काही सांगायचे होते आणि ढोल त्यांना नेमका सापडला. मुलींनी तर तो मनापासून उचलला. आशियाई बाई म्हणजे हळू बोलणारी, पडती बाजू घेणारी ही समजूत त्यांनी मंचावरच मोडून काढली. आज उत्तर अमेरिकेतल्या पथकांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे.

जपानी नागादो-दाइको केयाकी झाडाचे अखंड खोड कोरून करतात. त्याची किंमत या तरुणांच्या आवाक्याबाहेरची होती. किन्नराच्या मंडळींनी वाइनची ओक लाकडी पिंपे आणून स्वतःच ढोल बनवले आणि ती रीत इतर पथकांनी उचलली. पिंपाच्या फळ्या डिंकाने पक्क्या जोडायच्या, बाहेरून घासून गुळगुळीत करायच्या. मग भिजवलेले गाईचे कातडे तोंडावर टाकून चहूबाजूंनी दोरांनी चौकटीला बांधायचे आणि गाडीच्या जॅकने पिंप वर उचलत ते ताणायचे. मधूनच कोणीतरी वर चढून कातडे पायांनी तुडवते, म्हणजे ते आणखी सैल पडते आणि पुन्हा ताणता येते. मनासारखा आवाज आला की कडेने खिळे ठोकायचे. ज्याने ढोल बनवला तोच तो वाजवतो, हे या पथकांचे खरे बळ.

शिकणे तोंडी चालते. मध्यावरचा ठोका ‘दोन्’, लागोपाठ दोन ठोके ‘दोको’, कडेवरचा ‘का’. तबल्याच्या बोलांप्रमाणे ही अक्षरे आधी म्हणून पाठ करायची, मग हातात टिपऱ्या घ्यायच्या. त्यांना बाची म्हणतात. स्वरलिपी येत नसलेला माणूसही त्यामुळे लगेच सामील होऊ शकतो. 1997 मध्ये लॉस एंजेलिसला उत्तर अमेरिकेतल्या पथकांची पहिली परिषद भरली.

जपानमध्ये मात्र ढोलाची एक बाजू बराच काळ झाकलेली राहिली. कातडी कमावण्याचे काम बुराकु समाजाकडे होते आणि त्या कामापायी त्यांना अस्पृश्य मानले गेले. कायद्याने हा दर्जा 1871 मध्ये रद्द झाला, तरी लग्न व नोकरीतला भेदभाव चालूच राहिला. ओसाकाच्या नानिवा भागात पिढ्यान्‌पिढ्या ढोल तयार झाले, पण मानाचे वादन इतरांच्या वाट्याला गेले. 1987 मध्ये तिथल्या तरुणांनी ‘इकारी’, म्हणजे संताप, या नावाचे पथक काढले आणि कारागिरांचा इतिहास मंचावरून मांडायला सुरुवात केली. पुढे इतर बुराकु वस्त्यांतही अशी पथके निघाली.