विमा सखीचा फॉर्म भरण्याआधी: पात्रता, कागदपत्रं आणि सात हजारांचा खरा हिशेब

"ताई, ते सात हजारवालं कुठं भरायचं?"

हा प्रश्न मला किराणा दुकानात विचारला गेलाय, एसटी स्टँडवर विचारला गेलाय, आणि एकदा तर दहाव्याला गेले होते तिथं पिठलं-भाकरी वाढता वाढता विचारला गेलाय. तालुक्याच्या गावात पंधराएक वर्षं आयुर्विम्याचं काम करते, त्यामुळे विचारणाऱ्यांचं चुकत नाही. पण ज्या विचारतात त्यातल्या बहुतेकींना वाटतं, फॉर्म भरला की महिन्याला सात हजार खात्यात पडायला लागतात. तसं नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते.

९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली. कागदोपत्री तिचं नाव महिला करिअर एजंट, शाखेत एमसीए म्हणतात. पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. चौथ्या वर्षापासून शून्य. याला विद्यावेतन म्हणतात, पगार नाही. तुम्ही एलआयसीच्या कर्मचारी होत नाही, त्यामुळे पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, हजेरीपटही नाही. तुम्ही कमिशनवर काम करणाऱ्या एजंट होता आणि पहिली तीन वर्षं टेकू म्हणून हे पैसे मिळतात, तेही अटी पाळल्या तर. अटींकडे नंतर येते, आधी पात्रता.

वय १८ पूर्ण हवं आणि अर्जाच्या वेळी जास्तीत जास्त ७०. शिक्षण किमान दहावी पास. बस, एवढंच. बारावी, पदवी, टायपिंग, एमएससीआयटी, काही लागत नाही. अफरातफर, फसवणूक, खोटे दस्तऐवज अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला विमा कायदा एजंट होऊच देत नाही, पण आपल्याकडं अडतं ते तिथं नाही. अडतं नात्यात. एलआयसीचा सध्याचा एजंट किंवा कर्मचारी यांची बायको, मुलगी, आई, बहीण किंवा सासरकडची जवळची नातेवाईक या योजनेत बसत नाही. मुलगी दत्तक असो, सावत्र असो, कमावती असो, तरी नाही. निवृत्त कर्मचारी आणि पूर्वी एजन्सी केलेल्यांनाही नाही. नवरा एजंट आहे म्हणून "वहिनींच्या नावानं सात हजार चालू करून घेऊ" असा बेत गावोगाव शिजला होता, त्यावर ही अट पाणी ओतते. आणि आधीच दुसऱ्या आयुर्विमा कंपनीचा कोड, म्हणजे एजंटचा नंबर, असेल तर? एका माणसाला एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं. शिवाय एक सर्वसाधारण विम्याची आणि एक आरोग्य विम्याची कंपनी चालते, पण आयुर्विम्याच्या दोन नाही. जुनी कंपनी सोडल्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पुढं सरकता येत नाही, आणि लपवून काही होत नाही, कारण पॅन नंबरावर सगळं दिसतं.

आता कागदपत्रं. यादी छोटी आहे: पॅन कार्ड, आधार, दहावीचं गुणपत्रक किंवा प्रमाणपत्र, वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, पासबुकाची पहिल्या पानाची झेरॉक्स नाहीतर रद्द केलेला चेक, आणि पासपोर्ट साइझ फोटो. झेरॉक्सवर स्वतःची सही करायची. अर्ज एलआयसीच्या वेबसाइटवर विमा सखीच्या पानावरून करता येतो, किंवा सरळ जवळच्या शाखेत जाऊन. मी शाखाच सुचवते, कारण कुणाच्या हाताखाली काम करायचंय ते विकास अधिकारी, म्हणजे आपले डीओ साहेब, तिथंच भेटतात. आणि खरं सांगू, पहिल्या वर्षी तुमचं काम चालेल की बसेल हे योजनेपेक्षा डीओवर जास्त ठरतं.

यादी छोटी, पण नव्वद टक्के रडगाणं नावाचं. दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं. पॅन लग्नाआधी काढलेलं असेल तर त्यावर तिसरंच काहीतरी, कारण तेव्हा दुकानदारानं 'सुनिता'ची 'सुनीता' केलेली. माझ्याकडं एक मुलगी आली होती, तिचं पाळण्यातलं नाव दाखल्यावर, लग्नात बदललेलं नाव आधारवर, आणि बँकेत दोन्ही नावं मधे 'उर्फ' घालून. तिची काहीच चूक नाही, आपल्याकडं लग्नात नाव बदलायची रीतच आहे. पण कॉम्प्युटरला रीत कळत नाही.

यावर उपाय क्रमानं करायचे. आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढा. लग्नानंतर आडनाव बदललं एवढंच असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पहिलं नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देणं हाच पक्का मार्ग, त्याला थोडे दिवस जातात. मग आधार आणि पॅनवर अक्षरन् अक्षर एकसारखं नाव करून घ्या आणि दोन्ही एकमेकांना जोडलेत का ते बघा. त्यानंतर बँक. हे सगळं अर्जाच्या आधी, नंतर नाही. परीक्षेच्या हॉल तिकिटावरचं नाव आणि हातातल्या ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात, आणि ८० किलोमीटर लांबून आलेल्या बाईला दारातून परत जाताना मी पाहिलंय.

अर्जानंतर शाखेत छोटी मुलाखत होते. घाबरण्यासारखं काही नसतं, ओळखीपाळखी किती, बचत गटात आहात का, दिवसाचा किती वेळ देता येईल, असं विचारतात. मग २५ तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा. परीक्षा आयसी-३८ या पुस्तकावर. हे पुस्तक मराठीत मिळतं आणि परीक्षाही मराठीत देता येते, अर्ज भरताना भाषा नीट निवडा. पन्नास प्रश्न, एक तास, पर्याय निवडायचे. ३५ टक्के, म्हणजे १८ बरोबर आले की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. दहावीनंतर वीस वर्षांनी पुस्तक हातात धरणाऱ्या बायका पहिल्या फटक्यात पास होतात. ज्यांची दांडी उडते त्यांची बहुधा माउसमुळे, कारण परीक्षा कॉम्प्युटरवर असते. आदल्या आठवड्यात पोराच्या नाहीतर सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर तासभर हात बसवून घ्या. नापास झालात तरी पुन्हा बसता येतं.

जी काही फी असेल ती पावती घेऊनच द्या. "कोड काढून देतो, पाच हजार द्या" म्हणणारा माणूस भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

पास झालात की कोड पडतो आणि मग खरा विषय सुरू होतो.

सात हजार मिळायला पहिल्या वर्षी २४ विमे उतरवायचे, तेही २४ वेगवेगळ्या माणसांचे. त्यातून पहिल्या वर्षाचं कमिशन किमान ४८,००० व्हायला हवं, आणि यात बोनस कमिशन, म्हणजे वरचं जादा कमिशन, धरत नाहीत. भागाकार करा: एका विम्यामागे २,००० रुपये कमिशन. दर प्लॅनवर आणि मुदतीवर बदलतो, पण समजायला सोपं म्हणून २० टक्के धरू. म्हणजे सरासरी वार्षिक हप्ता १०,००० चा हवा. महिन्याला दोन घरं अशी शोधायची, जी वर्षाला दहा हजार बाजूला काढू शकतील आणि तुमच्यावर विश्वासही ठेवतील. वर्षभर जमलं तर ८४,००० विद्यावेतन आणि ४८,००० कमिशन, एकूण १,३२,०००. महिन्याचे ११,०००. त्यातून पेट्रोल, मोबाइल आणि लोकांच्या घरी रिकाम्या हातानं जाता येत नाही म्हणून नेलेले बिस्किटाचे पुडे वजा करा. वाईट नाही. पण "बसून सात हजार" नक्की नाही.

पहिले आठ-नऊ विमे घरचेच होतात. भाऊ, दीर, नणंदेचा नवरा, शेजारची वहिनी. दहाव्यापाशी भिंत येते. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी काम सोडलं त्या बहुतेक तिथंच थांबल्या, कारण अनोळखी दारावर थाप मारायची सवय घरच्यांनी लावलेली नसते. "बाईमाणूस दारोदार फिरते" हे ऐकून घ्यावं लागतं, तेही बाहेरच्यांकडून कमी आणि सासूकडून जास्त.

दुसऱ्या वर्षीची अट मात्र फॉर्म भरताना कुणी वाचतच नाही. दुसऱ्या वर्षीचे ६,००० तेव्हाच, जेव्हा पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असतील. २४ मधल्या १६. तिसऱ्या वर्षीही दुसऱ्या वर्षीच्या पॉलिसींना हेच माप. आता मार्च क्लोजिंगला चार केस कमी पडतायत म्हणून चुलत्याच्या नावानं, मामाच्या नावानं पॉलिसी काढून पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरला, तर तो आकडा त्या वर्षी दिसतो आणि पुढच्या वर्षी बुडतो. मामा दुसरा हप्ता भरत नाही, का भरेल? पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे हप्ता न भरल्यानं बंद पडते, आणि तुमचं विद्यावेतन तिच्यासोबत जातं. मी नवी असताना दुसऱ्या एका कंपनीत हेच केलं होतं, टार्गेटच्या नादात. साडेनऊ हजार स्वतःचे घातले, पुढच्या वर्षी पाचपैकी चार पॉलिसी बंद.

आणि हे नुसतं मूर्खपणाचं नाही, बेकायदाही आहे. गिऱ्हाईकाला कमिशनमधून सूट देणं, त्याचा हप्ता आपण भरणं, याला विमा कायद्याच्या कलम ४१ नं मनाई आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत. "शेजारचा एजंट पहिला हप्ता अर्धा भरतो, तुम्ही किती सोडता?" हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल. उत्तर आधीच पाठ करून ठेवा.

पॉलिसी टिकवायची तर हप्त्याची पद्धत गिऱ्हाईकाच्या पैशाच्या वेळेला जोडा. ऊसवाल्याला मासिक हप्ता देऊ नका. त्याच्याकडं पैसा बिल निघाल्यावर येतो, त्याला सहामाही किंवा वार्षिक बरा. डेअरीला दूध घालणाऱ्या बाईला दर दहा दिवसांनी पैसे मिळतात, तिला मासिक जमतो, फक्त बँकेतून कापायची तारीख दुधाच्या बिलानंतरची ठेवा. माझ्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत नावासमोर हप्त्याची तारीख असते, आणि त्याच्या शेजारी 'दूध', 'ऊस', 'पगार', 'मुंबईचा मुलगा' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पैसा कुठून येणार ते. मासिक हप्ता तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत भरता येतो, बाकीचे ३० दिवसांपर्यंत. त्या दिवसांत मी फोन करते, पैशाबद्दल न बोलता आधी तब्येत विचारते. लॅप्स झाली तरी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुन्हा सुरू करता येते, पण व्याज आणि तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं.

एक गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगते. प्रस्ताव अर्जात, म्हणजे विमा घेताना गिऱ्हाईकाचा फॉर्म भरतो त्यात, साखर, बीपी, जुनं ऑपरेशन लपवू नका. "लिहिलं तर हप्ता वाढेल" म्हणून गिऱ्हाईकच म्हणतं, नको लिहू. तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणावरून कंपनीला पॉलिसीला आव्हान देता येत नाही हे विमा कायद्याचं कलम ४५ खरं, पण माणूस तीन वर्षं थांबून मरत नाही. दुसऱ्या वर्षी दावा आला की चौकशी होते, दवाखान्याचे केसपेपर निघतात, आणि त्याची बायको तुमच्याच दारात येऊन बसते. उलट गिऱ्हाईकाला पॉलिसी पटली नाही तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेव्हा तुमचं कमिशनही परत जातं, धरून ठेवायचा प्रयत्न करू नका.

कराचं थोडक्यात. वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे हातात पडण्याआधीच कर, कापतात, २०२५-२६ पासून तो २ टक्के आहे, पूर्वी ५ होता. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. कमिशन हे धंद्याचं उत्पन्न धरतात, पगाराचं नाही, त्यामुळे रिटर्नचा 'एक नंबरचा सोपा फॉर्म', आयटीआर-१, चालत नाही, आयटीआर-३ लागतो. सीएला थोडे पैसे गेले तरी द्या. बँकेत कर्ज मागायला जाल तेव्हा हेच रिटर्न विचारतात, कारण पगाराची स्लिप तुमच्याकडं नसणार.

परवा ज्या पोरीचं नाव तीन ठिकाणी तीन होतं, तिचं राजपत्र आलं. गुरुवारी शाखेत जातोय. तिला म्हटलं, येताना वही घेऊन ये, कोरी, दोनशे पानी.