सापडलेली की वेचलेली? उघड्या आभाळाखालच्या प्रदर्शनांची पार्श्वभूमी

मोकळ्या आवारातल्या कलाप्रदर्शनाचं निवेदन हाती आलं की त्यात एक वाक्य हमखास असतं : निसर्गातून प्रेरणा घेऊन, सापडलेल्या वस्तूंमधून साकारलेल्या कलाकृती. त्याच प्रदर्शनाची मराठी बातमी आली की मथळाही तितकाच हमखास : ‘टाकाऊतून टिकाऊ’. पहिल्या वाक्यातला निसर्ग आणि त्यातल्या सापडलेल्या वस्तू मुळात एकमेकांच्या सोयऱ्या नव्हत्या, त्यांची गाठ बऱ्याच उशिरा पडली. मथळ्यातले दोन्ही शब्द तर बहुतेक वेळा चुकीचेच असतात. गळलेलं पान कुणी टाकून दिलेलं नसतं, आणि त्या पानांची नक्षी टिकावी अशी ती मांडणाऱ्याचीही इच्छा नसते.

नजरेत भरलेला दगड उचलून आणायची खोड फार जुनी. दक्षिण आफ्रिकेत मकापान्सगाटच्या गुहेत १९२५ मध्ये मानवाच्या पूर्वजांच्या अवशेषांबरोबर एक तांबूस गोटा मिळाला. झिजून त्यावर डोळे-तोंड असल्यासारख्या खुणा पडल्या आहेत. त्या जातीचा दगड गुहेच्या जवळपास नाही, तेव्हा सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी कुणीतरी तो मुद्दाम आणला असावा, असं मानतात. पुढे चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळापर्यंत पाण्याने कोरलेले खडक बागेत आणि अभ्यासिकेत मांडण्याचं शास्त्रच झालं होतं. एवढी नोंद पुरे. आजच्या प्रदर्शनांचं घराणं त्या गुहेपर्यंत नेण्याची हौस अनेकांना असते, पण ते खरं विसाव्या शतकातलं आहे.

त्यात आधी आली वस्तू, आणि तीही बंद खोलीत. १९१२ मध्ये पॅरिसमधल्या एका चित्रात वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड थेट चिकटवलं गेलं आणि भोवती चौकट म्हणून दोर आला. १९१३ मध्ये स्टुलावर सायकलचं चाक बसलं. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनाला कलाकृती म्हणून पाठवलेल्या मुतारीच्या भांड्याची गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की पुन्हा नको. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा एवढाच : ते भांडं कुणाला वाटेत सापडलेलं नव्हतं. कारखान्यात शेकड्याने बनणारी, बाजारात मिळणारी ती वस्तू होती. तरी आज शंभरातल्या नव्वद लेखांत सापडलेल्या वस्तूंच्या कलेचा उगम म्हणून तेच भांडं पुढे करतात. गोंधळाची सुरुवात इथून होते, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

मे १९३६ मध्ये पॅरिसच्या एका गॅलरीत अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन यांत कला शोधणाऱ्या मंडळींनी, केवळ वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. त्यात त्यांनी वस्तूंची जी प्रतवारी लावली ती आजही वाचण्यासारखी आहे. नैसर्गिक वस्तू वेगळ्या, अर्थ लावलेल्या नैसर्गिक वस्तू वेगळ्या. सापडलेल्या वस्तू वेगळ्या आणि सापडल्यावर ज्यांचा अर्थ लावला त्या आणखी वेगळ्या. रेडीमेडचा, म्हणजे बाजारातून आणून कला म्हणून मांडलेल्या तयार वस्तूंचा, रकाना स्वतंत्र. गणित शिकवायच्या नमुन्यांनाही त्यात जागा होती. म्हणजे नदीतला गोटा, जुन्या बाजारात हाती लागलेलं चमत्कारिक अवजार आणि दुकानातली बाटल्या वाळवायची घोडी या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. फरक वस्तूत नव्हता, तिच्याशी गाठ कशी पडली यात होता. पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ‘असेम्ब्लाज’, म्हणजे वस्तू जोडून केलेली कला, या नावाखाली एक मोठं प्रदर्शन झालं आणि हे सारे रकाने एका छत्रीखाली आले. हा शब्दही १९५३ मध्ये एका फ्रेंच चित्रकाराने फुलपाखरांच्या पंखांची चिकटकामं केली तेव्हाचा. छत्री सोयीची होती. मात्र तिच्याखाली ‘सापडणं’ या क्रियेचा कस गेला तो गेलाच.

मराठीत तर हा कस मुळात उतरलाच नाही. ‘सापडणं’ या क्रियापदाला करणारा लागत नाही. चावी सापडते, चोरही सापडतो. वस्तू आपण होऊन पुढ्यात आली, आपण निमित्तमात्र, असा त्याचा सूर. ‘उचललेली’ म्हणावं तर चोरीचा वास येतो. ‘निवडलेली’ म्हटलं की दुकानातला गल्ला दिसू लागतो. या सगळ्यात आपल्याकडे एक नेमका शब्द पडून आहे आणि तो कुणी वापरत नाही : वेचणं. फुलं वेचतात, काटक्या वेचतात, शिंपले वेचतात. त्यात वाकणं आहे, नजर आहे, आणि समोर पडलेल्या सगळ्यातून हेच घ्यायचं, ते राहू द्यायचं असा निवाडाही आहे. पुस्तकातून काढलेल्या उताऱ्यांनाही आपण वेचेच म्हणतो. पानं, काड्या, गोटे, वाहून आलेले ओंडके यांच्यातून काम करणारे लोक दिवसातला निम्मा वेळ जे करतात ते हेच.

शब्दाचा हा कीस निव्वळ हौस म्हणून काढलेला नाही. ‘सापडली’ म्हटलं की ती वस्तू आधी कुणाची होती हा प्रश्न आपोआप झाकला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतून दगड, शिंगं, पिसं नेणं नियमाने वर्ज्य आहे. इंग्लंडात किनारा-संरक्षणाच्या १९४९ च्या कायद्याच्या आधारे गोटे नेण्यावर बंदी घालता येते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१७ पासून किनाऱ्यावरची वाळू किंवा शिंपले नेणाऱ्याला ५०० ते ३,००० युरो दंड आहे. किनाऱ्याला लागलेला ओंडका आपल्याला बेवारस वाटतो, पण त्याच्याखाली किड्यामुंग्यांची वस्ती असते आणि वाळूही त्याच्याच आधाराने धरून राहते. म्हणून अलीकडच्या प्रदर्शनांच्या नियमावलीत सामान कुठून आणलं हे विचारलं जातं, आणि तिथे ‘सापडलं’ एवढं उत्तर पुरत नाही. ही विचारपूस कलाकारांना जाचक वाटते, अशी तक्रार असते. मला ती तक्रार पटत नाही.

आता दुसरं अंग : उघडं आभाळ. महायुद्धानंतर युरोपातल्या शहरांनी आपापल्या बागा शिल्पांना मोकळ्या केल्या. लंडनच्या बॅटरसी पार्कात १९४८ मध्ये, नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या सोन्सबेक बागेत १९४९ मध्ये, अँटवर्पच्या मिडलहाइममध्ये १९५० मध्ये अशी प्रदर्शनं झाली. अँटवर्पचं इतकं गाजलं की तिथे कायमचं संग्रहालयच झालं. पण ही शिल्पं कार्यशाळेत घडलेली, ब्राँझची आणि दगडाची. बाग त्यांना फक्त हिरवी बैठक पुरवत होती. पाऊस आला तर शिल्प भिजायचं, एवढाच निसर्गाशी संबंध.

वस्तू आणि आभाळ यांची गाठ खरं तर त्याआधीच पडली होती, पण कलेच्या नकाशाबाहेर. फ्रान्समधल्या ओतरीव गावच्या एका पोस्टमनला १८७९ मध्ये वाटेत एका दगडाची ठेच लागली. दगडाचा आकार त्याला आवडला आणि टपाल वाटता वाटता गोळा केलेल्या दगडांतून त्याने तेहतीस वर्षांत एक महाल उभा केला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात एका स्थलांतरित मजुराने १९२१ पासून १९५४ पर्यंत एकट्याने सळ्या, फुटक्या बशा, शिंपले आणि बाटल्यांचे मनोरे बांधले. पालिका ते पाडायला निघाली. १९५९ मध्ये १०,००० पौंड वजनाइतका ताण देऊन परीक्षा घेतली, मनोरे हलले नाहीत, आणि वाचले. चंडीगडमध्ये रस्तेबांधणीच्या खात्यातला एक निरीक्षक १९५० च्या दशकापासून सरकारी जंगलाच्या जागेवर, कुणाला न सांगता, दगड आणि फुटक्या बांगड्या आणि पाडलेल्या गावांचा राडारोडा रचत राहिला. १९७० च्या दशकात ते उघडकीला आलं. नियमाने ते पाडायला हवं होतं. झालं उलटंच : १९७६ मध्ये ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं आणि त्याला पगार व हाताखाली पन्नास मजूर मिळाले. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा मथळा कुठे शोभत असेल तर या तिघांना. गंमत अशी की कलेच्या इतिहासाने त्यांना बराच काळ छंदिष्टांच्या ओळीत बसवलं.

इतिहास मोजतो तो १९६७ पासून. त्या वर्षी इंग्लंडातल्या एका कुरणात कलाशाळेतला एक विद्यार्थी गवत दबून रेघ उमटेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिला, आणि त्या रेघेचा त्याने फोटो काढला. वस्तू नाही, सामान नाही. रेघ काही दिवसांत गेली असणार, फोटो मात्र संग्रहालयात आहे. पुढची सगळी ओढाताण त्या फोटोतच आहे : काम आभाळाखाली नाहीसं होतं आणि त्याची छबी छपराखाली विकली जाते. १९६८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत ‘अर्थवर्क्स’ नावाने माती आणि खोदकाम आलं. १९७० मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये ‘स्पायरल जेटी’ झाली : १,५०० फूट लांबीची, काळ्या बसाल्टची आणि मातीची गुंडाळी. टिप्परने आणून ओतलेल्या ६,००० टनांहून अधिक दगडमातीला वेचलेली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोनेक वर्षांत तळ्याची पातळी वाढली, गुंडाळी बुडाली, आणि २००२ च्या सुमारास अंगावर मिठाची पुटं घेऊन वर आली.

‘स्पायरल जेटी’ करणाऱ्या कलाकाराचंच १९७१ चं काम मला जास्त बोलकं वाटतं. त्या वर्षी सोन्सबेकचं प्रदर्शन बागेचं कुंपण ओलांडून देशभर पसरलं, आणि या कलाकाराच्या वाट्याला एमेन गावाजवळची वाळूची खाण आली. पाणी आणि वाळू यांचं एक तुटकं वर्तुळ त्याने आखलं. पण नेमका मध्ये, हिमनदीने कधीकाळी आणून टाकलेला एक अजस्र खडक बसलेला होता. त्याला तो नको होता, कारण वर्तुळाला असा केंद्रबिंदू असावा हे त्याच्या मनात नव्हतं. खडक हलवणं आवाक्याबाहेरचं निघालं. शेवटी तो राहिला, आजही आहे. इथे कुणी कुणाला गाठलं, कलाकाराने वस्तूला की वस्तूने कलाकाराला?

यंत्रांच्या त्या दणदणाटाला उत्तर जंगलांतून आलं. इंग्लंडातल्या ग्राइझडेल जंगलात १९७७ पासून कलाकार राहून काम करू लागले. दक्षिण कोरियात १९८१ मध्ये नदीकाठी जमलेल्या एका गटाने हाताशी येईल त्या काडी-वाळूतून कामं सुरू केली. इटलीच्या सेल्ला खोऱ्यात १९८६ पासून ‘आर्ते सेल्ला’ भरू लागलं आणि त्याने दंडक घातला : सामान शक्यतो तिथलंच, निसर्गातलं, आणि काम झालं की ते निसर्गाच्या हवाली. आज जगभरच्या अशा प्रदर्शनांच्या निवेदनातली भाषा बरीचशी या दंडकातून आली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॉर्म किंगच्या आवारात १९९७-९८ मध्ये रचलेली २,२७८ फुटांची भिंत हा मुळात एक लांबलचक गडगाच. तिथल्याच एका पडक्या गडग्याच्या मागावर, आवारातच वेचलेल्या दगडांचा, झाडांना वळसे घालत तळ्यात उतरणारा.

नव्वदीनंतर किनाऱ्यांवर कलेच्या वाऱ्या सुरू झाल्या. सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावरचं प्रदर्शन १९९७ चं. त्यानंतर हळूहळू सामान बदललं. काटक्यांच्या जागी जाळी, दोर, चपला, झाकणं आली आणि निवेदनांत ‘समुद्राने परत केलेलं’ असं लिहिलं जाऊ लागलं. या कामांना तरी ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा मथळा लागू पडेल, असं वाटतं. पण प्लास्टिक मुळातच टिकाऊ आहे, तेच तर दुखणं आहे. त्याचा मासा करून किनाऱ्यावर उभा केला की प्रदर्शन उठल्यावर त्या माशाचं करायचं काय, हे बहुतेक निवेदनं सांगत नाहीत.

उलट बाजूला, ज्यांनी कुजू द्यायचं ठरवलं त्यांचीही सुटका नाही. आर्ते सेल्लातलं २००१ चं झाडांचं कॅथेड्रल म्हणजे विणलेल्या फांद्यांचे ऐंशी खांब आणि प्रत्येकात लावलेलं हॉर्नबीमचं रोप. वीण कुजेल तोवर झाड खांब होईल, असा हिशोब. ऑक्टोबर २०१८ मधल्या वादळाने त्या डोंगराळ भागातली लाखो झाडं आडवी झाली, आर्ते सेल्लातल्या कामांचीही मोडतोड झाली. त्या पडझडीतल्या लाकडांचे तुकडे जोडून २०२१ मध्ये जवळच्या लावारोनेत एक ड्रॅगन उभा राहिला. हळूहळू झिजून जंगलात मिसळणं हेच त्याचं भवितव्य होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कुणीतरी तो पेटवून दिला. लोकांनी वर्गणी काढली, आणि २०२४ मध्ये लावारोनेतच नवा ड्रॅगन बसला.