रीसेट मारला म्हणून रूट जात नाही

मुंबईच्या मनीष मार्केटात किंवा लॅमिंग्टन रोडवर जुना अँड्रॉइड घेताना हे हमखास ऐकू येतं: "रूट केलेला होता, पण फॅक्टरी रीसेट मारलाय, आता नव्यासारखा आहे." हे खरं नाही. (रूट करणं म्हणजे कंपनीने बंद ठेवलेला, फोनच्या सिस्टिमवरचा पूर्ण ताबा मिळवणं.)

रीसेटने पुसलं जातं ते डेटा पार्टिशन, म्हणजे साठवणीतला तुमचा भाग: फोटो, अ‍ॅप, खाती. किंगरूटसारखी एका क्लिकवर रूट करणारी जुनी साधनं रूटचे अधिकार देणारी 'एसयू' (su) फाइल आणि परवानग्या वाटणारं स्वतःचं अ‍ॅप सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे खुद्द अँड्रॉइड असतं त्या भागात टाकतात. तिथे रीसेट पोहोचतच नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. ही साधनं कर्नलमधली, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातली, न बुजवलेली त्रुटी वापरून सर्वाधिकार मिळवतात. 2014 च्या टॉवेलरूट या साधनाने अँड्रॉइडच्या लिनक्स कर्नलमधल्या फ्युटेक्स या भागातली त्रुटी अशीच वापरली. म्हणजे एका क्लिकने रूट होणाऱ्या फोनवर तेच भोक एखादं घातक अ‍ॅपही वापरू शकतं, आणि तुम्हाला ते विचारणारही नाही. रूट काढलं तरी भोक राहतंच. ते बुजतं फक्त पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटने.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख पाहा. मग फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करून, फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी या साधनातून संगणकावर 'adb shell' आणि त्यात 'su' टाइप करा. ओळीच्या सुरुवातीला डॉलरच्या चिन्हाजागी # आलं, तर रूट शाबूत आहे. नाही आलं म्हणून फोन स्वच्छ ठरत नाही. त्याच मॉडेलची कंपनीची मूळ फर्मवेअर (फोनचं सिस्टिम सॉफ्टवेअर) पूर्ण फ्लॅश करून, म्हणजे नव्याने भरून घ्या, आणि तोवर त्यावर यूपीआय चालू करूच नका. सॅमसंगवर अनधिकृत बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) टाकलेली असेल, तर नॉक्स या त्याच्या सुरक्षा यंत्रणेचा वॉरंटी बिट, म्हणजे छेडछाडीची खूण, मूळ फर्मवेअरनेही पूर्ववत होत नाही.