शरीरघड्याळ आणि रात्रपाळी

शरीरघड्याळ म्हणजे झोप, जाग, भूक, शरीराचे तापमान आणि संप्रेरकांचे स्रवण यांचा सुमारे २४ तासांचा फेरा चालवणारी शरीराची आतली यंत्रणा. या फेऱ्याला दैनिक जैविक लय म्हणतात. सोलापुरात तिचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो यंत्रमागाच्या रात्रपाळीत.

मुख्य घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात असते. सुमारे २०,००० चेतापेशींचा तो पुंजका. यकृत, स्वादुपिंड यांची आपापली घड्याळे असून ती जेवणाच्या वेळेवरही चालतात. घड्याळाची टिकटिक पेशीत अशी चालते: काही जनुके प्रथिने बनवतात, ती साठली की त्याच जनुकांना थोपवतात, आणि प्रथिने विरली की काम पुन्हा सुरू होते. फळमाशीत ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या घड्याळाचा स्वतःचा फेरा सरासरी २४.२ तासांचा असतो, म्हणून ते रोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड ते जुळवून घेतो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक वाढते. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली येते. सोलापूर प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेस असल्याने येथे सूर्य सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी माथ्यावर येतो, आणि जानेवारीत सूर्योदयाला सात वाजतात. सकाळच्या शाळेची मुले तेव्हा अंधारातच घर सोडतात. त्यांना उठवणे जड जाते त्याला आळस हे एकच कारण नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक यंत्रमाग कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकते. पाळी आठवड्याने उलटली तर शरीर अर्ध्या वाटेवर असतानाच पुन्हा मागे फिरावे लागते. पहाटे तीन ते पाच ही सर्वांत धोक्याची वेळ. साध्या मागावर तुटलेला उभा धागा लक्षात यायला उशीर झाला की चादरीत तेवढी लांब रेघ पडते. हात पट्ट्याजवळ असेल तर नुकसान चादरीपुरते राहत नाही. वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीचा संबंध मधुमेह आणि हृदयविकाराशी आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये असे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले व २०१९ मध्ये ते तिथेच ठेवले.

दिवसाची झोप तुटते ती दोन कारणांनी: घड्याळ जागे करत असते, आणि झोप लागायला शरीराचे तापमान उतरावे लागते. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा आणि डोक्यावर पत्रा असताना ते उतरत नाही. त्यामुळे घरी पोहोचल्यावर दुपारची वाट न पाहता लगेच झोपावे. खिडकीला जाड, गडद पडदा लावावा. कूलर असल्यास समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. झोप पाच तासांतच मोडली तर पाळीआधी दीड तास पुन्हा झोपावे.

चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो, म्हणून सकाळी आठला झोपणाऱ्याने शेवटचा चहा रात्री दोनपूर्वी घ्यावा. मुख्य जेवण पाळीआधी करावे. रात्री इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि तेच अन्न रक्तातील साखर जास्त वाढवते. मध्यरात्री भूक लागल्यास अर्धी कडक भाकरी आणि थोडी शेंगा चटणी पुरे. मधल्या सुट्टीत वीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते, पण उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे मागाला हात लावू नये. तेवढा वेळ मेंदू सुस्त असतो.

कायम रात्रपाळी असणाऱ्याने रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेडात काम करावे आणि सकाळी परतताना टोपी व गडद चष्मा वापरावा. डोळे मिटत असतील तर मात्र दुचाकीला हात न लावता रिक्षा किंवा सोबत शोधावी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाळी बदलण्याआधीच डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. जेवण सरकले आणि औषध जुन्या वेळेला घेतले, तर साखर धोकादायक रीत्या उतरू शकते.