इंग्लंडमध्ये घरकामासाठी स्किप मागवताय? परवाना, कागदपत्रं आणि कचऱ्याची वर्गवारी

किचन किंवा बाथरूम नव्याने करायला काढलं की जुन्या टाइल्स, सिंक, फळ्या टाकायच्या कुठे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. इथे दारावर येऊन वजनावर सगळं घेऊन जाणारा भंगारवाला नाही, आणि घरच्या कचऱ्याच्या डब्यात राडारोडा भरला तर काउन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, गाडी डबा न उचलताच पुढे जाते. म्हणून लोक स्किप, म्हणजे कचरा भरायला भाड्याने मिळणारी मोठी उघडी लोखंडी पेटी, मागवतात. फोन लावून पहिला प्रश्न असतो, 'आठ यार्डाची (म्हणजे घनयार्डाची) केवढ्याला?' त्याआधी कागदावर यादी करा: काय काय टाकायचं आहे? स्किप केवढी लागेल, पैसे किती पडतील आणि भरलेली स्किप कंपनी मुकाट्याने उचलेल की नाही, हे सगळं त्या यादीवर ठरतं.

यादी छोटी असली तर स्किप लागतही नाही. ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरवर घरमालकाने स्वतः केलेल्या कामाचा थोडा राडारोडा फुकट घ्यावा लागतो: एका खेपेला ५० लिटरच्या दोन पिशव्या, किंवा २००० × ७५० × ७०० मिलिमीटरच्या आत बसणारी एक वस्तू, म्हणजे बाथटबसारखं काही. चार आठवड्यांत अशा चार खेपा. पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा, आणि वेळ आधी बुक करावी लागते का हे काउन्सिलच्या साइटवर बघून घ्या. काम बिल्डरने केलं असेल तर ही सवलत नाही, तो व्यावसायिक कचरा धरला जातो.

आता स्किपमध्ये काय चालत नाही ते. सगळ्यात जास्त घोळ होतो प्लास्टरबोर्डचा. भिंत फोडली की दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये पांढरी भुकटी असलेले तुकडे निघतात, ते दिसायला निरुपद्रवी. पण आत जिप्सम असतं. ते कुजणाऱ्या कचऱ्यासोबत ओल्या जमिनीत गेलं की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. त्यामुळे ते मिश्र कचऱ्यातून लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरतात त्या जागी, टाकायला बंदी आहे. कंपनीला आधी सांगितलं तर ती वेगळ्या पिशव्या किंवा वेगळी स्किप देते. न सांगता विटांच्या खाली दडपलं, तर कंपनीच्या आवारात ते निघतंच आणि जादा बिल तुमच्या नावावर येतं.

दुसरा सोफा. गादीदार खुर्च्या आणि सोफ्यांच्या फोममध्ये व कापडात आग रोखणारी टिकाऊ, घातक रसायनं असू शकतात. २०२३ पासून असं सामान लँडफिलमध्ये जात नाही, जाळावंच लागतं. इतर कचऱ्यात मिसळलं की तो सगळा ढीग त्याच वर्गात जातो. सोफ्यासाठी काउन्सिलची मोठं सामान नेण्याची सेवा बरी.

तिसरं ॲसबेस्टॉस. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये, म्हणजे २००० च्या आधीच्या घरात ते असू शकतं: गॅरेजचं पन्हळी छप्पर, जुन्या फरशीच्या टाइल्स, छतावरचा आर्टेक्स नावाचा नक्षीदार लेप. शंका असेल तर तोडू नका, नमुना तपासून घ्या. बाकी फ्रिज, टीव्ही, टायर, बॅटऱ्या, रंगाचे भरलेले डबे, गॅस सिलिंडर, ट्यूबलाइट, औषधं हे सगळं बाहेर.

चालणाऱ्या मालातही माती, विटा, काँक्रीट वेगळं ठेवलं तर बरेचदा स्वस्त पडतं. कारण करात आहे. २०२५-२६ मध्ये लँडफिल कर टनाला १२६.१५ पौंड होता. कमी दराच्या यादीत बसणाऱ्या निव्वळ माती-दगडाला मात्र फक्त ४.०५ पौंड. त्याच मातीत जुनं कार्पेट आणि झाडाच्या फांद्या पडल्या की स्वस्त दर गेला. आकारही यावरूनच ठरवा. जड मालासाठी साधारणपणे आठ यार्डांपर्यंतचीच स्किप देतात. बारा यार्ड म्हणजे सुमारे नऊ घनमीटर, त्यात माती भरली तर वजन तेरा टनांच्या घरात जातं आणि गाडीला ते उचलत नाही. मोठी स्किप फर्निचर, लाकूड अशा हलक्या मालासाठी.

परवान्याचं तुलनेने सोपं आहे. स्किप तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर (घरासमोर गाडी लावायच्या जागेत) किंवा अंगणात राहणार असेल तर परवाना लागत नाही. फ्लॅटच्या सामाईक पार्किंगमध्ये ठेवायची असेल तर व्यवस्थापकांची, भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी मात्र घ्या. रस्त्यावर ठेवायची असेल तर १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १३९ खाली स्थानिक रस्ते प्राधिकरणाची परवानगी लागते. बहुतेक ठिकाणी हा अर्ज स्किप कंपनीच करते, कारण काउन्सिल तिचा विमा आणि नोंदणी बघते. तुम्ही द्यायचं ते म्हणजे पत्ता, नेमकी जागा, स्किपचा आकार आणि तारखा. फी आणि मुदत काउन्सिलगणिक बदलते. दारासमोर रहिवासी पार्किंगची जागा असेल तर ती तेवढे दिवस बंद करून घेण्याचा अर्ज सहसा वेगळा करावा लागतो आणि त्याला जास्त वेळ जातो, तेव्हा दोन-तीन आठवडे आधी हालचाल करा. परवाना न घेता रस्त्यावर ठेवली तर कायद्याने गुन्हा कंपनीचा, पण करारातल्या बारीक अक्षरांत तो खर्च तुमच्याकडे वळवलेला नाही ना, हे वाचून घ्या. रस्त्यावरच्या स्किपवर मालकाचं नाव आणि फोन नंबर किंवा पत्ता असावा लागतो, रात्री दिवे लागतात, आणि दोन्ही टोकांना लाल-पिवळे उभे पट्टे हवेत.

कंपनी निवडताना मात्र कुणाच्या ओळखीवर जाऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमुक माणूस निम्म्यात नेतो' असं कुणीतरी लिहितंच. त्या माणसाने कचरा एखाद्या शेताच्या कडेला ओतला आणि त्यात तुमच्या नावाचं पाकीट सापडलं, तर काउन्सिल तुमच्या दारात येते. कचरा नोंदणीकृत वाहकाकडेच जाईल याची वाजवी काळजी घेणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती चुकली तर ६०० पौंडांपर्यंत जागेवरचा दंड होऊ शकतो. कंपनीचा वाहक नोंदणी क्रमांक मागा. तो बहुधा 'सीबीडीयू' या अक्षरांनी सुरू होतो आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेच्या ऑनलाइन यादीत फुकट तपासता येतो. क्रमांक, कंपनीचं नाव आणि तारीख असलेली पावती घ्या, पैसे शक्यतो बँकेतून द्या.

स्किप आली की जड माल तळाला, फळ्या आडव्या, पोकळ कपाटं सुटी करून टाका. भर काठाच्या वर जाऊ देऊ नका. वर निघालेला माल रस्त्यावर सांडू शकतो, म्हणून चालक तशी स्किप न उचलता परत जातो आणि फेरीचे पैसे लावतो. रात्री ताडपत्री घाला, कारण उघडी स्किप दिसली की शेजारपाजारच्या गाद्या आणि जुने टीव्ही अंधारात आपोआप तिच्यात येतात, आणि ते बाहेर काढायचं काम तुमचं. उचलायला येण्याआधी वरून एक फोटो काढून ठेवा.