नळी जितकी अरुंद, तितकी भिंत शिरजोर

रक्ताच्या एका थेंबातून नेमकं एखादं प्रथिन हुडकून काढणाऱ्या सूक्ष्मद्रव चिपची, म्हणजे केसाएवढ्या बारीक नळ्यांतून द्रव खेळवणाऱ्या चकतीची, गोष्ट निघाली की चर्चा होते ती पंपांची, झडपांची, रसायनांची. प्रत्यक्षात तिथे सगळ्यात जास्त चालतं ते नळीच्या भिंतीचं.

हिशोब करून पाहा. १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) रुंद, तेवढीच खोल आणि १ सेंटिमीटर लांब अशी चौकोनी नळी घ्या. तिच्यात मायक्रोलिटरचा जेमतेम दहावा भाग द्रव मावतो, आणि भिंतींचं क्षेत्रफळ भरतं ४ चौरस मिलिमीटर. द्रवाच्या मानाने भिंत १ सेंटिमीटर व्यासाच्या परीक्षानळीपेक्षा शंभरपट जास्त!

आता त्यात प्रथिन सोडा. पाण्यात असताना प्रथिनाची घडी अशी बसलेली असते की पाणी टाळणारे बरेचसे भाग आत दडलेले राहतात. पाण्याला दूर सारणारी भिंत भेटली की ही घडी सैल होते, आतले भाग भिंतीला टेकतात आणि मग सहजासहजी सुटत नाहीत. असा एक थर बसायला दर चौरस सेंटिमीटरला शे-दोनशे नॅनोग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे आपल्या नळीत ४ ते ८ नॅनोग्रॅम. पण शोधायचं प्रथिन मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅम असेल, तर नळीभर द्रवात ते असतं नॅनोग्रॅमचा दहा हजारावा भाग. भिंत त्याच्या किमान चाळीस हजारपट प्रथिन गिळू शकते. खऱ्या रक्तात अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाची रेलचेल असल्यामुळे भिंतीवरच्या बहुतेक जागा तेच अडवतं. मात्र तेही तिथे कायमचं राहत नाही. रक्ताचे अभ्यासक लिओ व्रोमन यांनी दाखवून दिलं की आधी बसलेल्या प्रथिनांना फायब्रिनोजेनसारखी दुसरी प्रथिनं मागाहून येऊन हुसकावतात. सगळा कारभार असा बेभरवशाचा असताना चाचणीच्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

प्रवाहाचंही तसंच. प्रयोगशाळांत अशा चिप बहुतेकदा पीडीएमएस या सिलिकॉन रबराच्या करतात. त्यावर पाण्याचा थेंब सुमारे ११० अंशांचा कोन करून फुगून बसतो. त्यामुळे आपल्या नळीत पाणी आपणहून शिरत नाही, उलट सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब देऊन ते आत ढकलावं लागतं. हाच कोन ३० अंशांवर आणला तर नळी स्वतःच २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने द्रव ओढून घेते. पंपाची गरजच उरत नाही.

ऑक्सिजन प्लाझ्माचा, म्हणजे विजेने भारलेल्या वायूचा (रक्तातला प्लाझ्मा नव्हे), झोत दिला की पीडीएमएस पाणी धरू लागतं, हे खरं. पण रबराच्या आतल्या रेणूंच्या छोट्या साखळ्या हळूहळू वर येतात आणि काही तासांत किंवा दिवसांत पृष्ठभाग पुन्हा पहिल्या वळणावर जातो.

म्हणून प्लाझ्मा-पॉलिमरचा, म्हणजे प्लाझ्मात रेणू एकमेकांना जोडून बनवलेला, लेप. निर्वात कक्षात, हवेच्या दाबाच्या हजाराव्या भागाहूनही कमी दाबाला, एखाद्या द्रवाची वाफ सोडतात आणि बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी तिचा प्लाझ्मा करतात. रेणू फुटतात, तुकडे पृष्ठभागावर येऊन एकमेकांना वाटेल तसे जुळतात, आणि दहा-वीस-पन्नास नॅनोमीटर जाडीचा अखंड पापुद्रा तयार होतो. खाली काच असो की प्लास्टिक, तो बसतो. वाफ कसली, यावर गुण ठरतो. ॲक्रिलिक आम्लाने पाणी ओढणारे आम्लगट (गट म्हणजे अणूंचे ठरावीक पुंजके) येतात, ॲलिलामीनने अमाइन गट, ऑक्टाडाइनने पाणी टाळणारा थर. टेट्राग्लाइमचा लेप पॉलिथिलीन ऑक्साइड या पाणी धरणाऱ्या पॉलिमरसारखा असतो. तो पाण्याला इतकं घट्ट धरून ठेवतो की प्रथिनांना टेकायला जागाच सापडत नाही.

खरी कसोटी असते ती वीजशक्तीची, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. शक्ती वाढवली तर रेणूंचा पार चुरा होतो. लेप टणक होतो, पण ज्या गटांसाठी खटाटोप केला तेच नाहीसे होतात. कमी ठेवली तर गट टिकतात, पण जोड कच्चे राहून लेप पाण्यात फुगतो किंवा विरघळून निघून जातो. यावर एक तोड म्हणजे प्लाझ्मा सलग न ठेवता काही मायक्रोसेकंद चालू आणि मिलिसेकंदभर बंद ठेवायचा. बंद असतानाच्या त्या फटीत रेणू न मोडता एकमेकांना जोडले जातात.

दुसरी अडचण नळीच्या आकाराचीच. बंद नळीत प्लाझ्मा खोलवर पोचत नाही, लेप तोंडाशी जाड आणि आत पातळ होत जातो. आधीच उघड्या चरांवर लेप द्यावा, तर झाकण चिकटवायच्या जागाही झाकल्या जातात. तिथे साचा (स्टेन्सिल) ठेवून लेप अडवावा लागतो. साच्याचा एक फायदाही आहे: मध्येच पाणी टाळणारी पट्टी सोडली की द्रव तिथे थबकतो आणि हलत्या भागांविना झडप मिळते. लेप आतवर बसला की नाही, हे तपासायला चमकणारा रंग जोडलेलं अल्ब्युमिन नळीतून सोडतात, नळी धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहतात. लेप प्रथिनरोधी असेल आणि चमक आत जाता जाता वाढत असेल, तर लेप तिथवर पोचलेला नाही.